पटकी : वऱ्हाडातील इतिहास

पटकी (महामारी, विसूचिका, कॉलरा) हा लघ्वांत्रात म्हणजे लहान आतड्यात वाढणाऱ्या व्हिब्रिओ कॉलेरी या स्वल्पविरामाच्या आकाराच्या सूक्ष्मजंतूमुळे होणारा तीव्र संसर्गजन्य रोग होय. रुग्णाच्या मलातून हे जंतू पाण्यात व अन्नात शिरतात आणि तेथून दुसऱ्याच्या पचन तंत्रात जातात. धडधाकट माणसाचा काही तासांत प्राण घेण्याची शक्ती असलेला पचन तंत्राचा असा रोग विरळाच. आजचे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ हे जिल्हे मिळून होणाऱ्या वऱ्हाडात गेल्या दोनशे वर्षांत ज्या रोगांनी घरेच्या घरे रिकामी केली, त्यांत प्लेग व १९१८ चा इन्फ्ल्यूएंझा यांच्या जोडीने पटकीचे नाव घ्यावे लागते. प्लेग व इन्फ्ल्यूएंझा आले, पुष्कळ बळी घेऊन ओसरले. पटकी मात्र उन्हाळा सरताना व पावसाळ्याच्या तोंडाशी पुन:पुन्हा येत राहिली. तिच्या इतिहासाला दोन धागे आहेत. एक गावच्या पाण्याचा आणि दुसरा लहान आतड्याविषयीच्या ज्ञानाचा. पहिल्याची चर्चा नेहमी होते. दुसऱ्याची फारशी होत नाही. परंतु रुग्ण जगणार की मरणार हे ठरविण्यात तोच अधिक निर्णायक ठरला.

नावे : चरक व सुश्रुत यांच्या संहितांत विसूचिका या व्याधीचे वर्णन आढळते. अजीर्णापासून उद्‌भवणाऱ्या या विकारात अंगाला सुया टोचल्यासारख्या वेदना होतात, म्हणून हे नाव पडले अशी त्याची व्युत्पत्ती दिली जाते. उलट्या, जुलाब, तहान, पेटके ही तिची लक्षणे आजच्या पटकीशी जुळतात. परंतु प्राचीन ग्रंथांतील विसूचिका म्हणजे नेमकी हीच साथ असे निश्चितपणे म्हणता येत नाही. अन्नविषबाधा व तीव्र अतिसारही त्या नावाखाली येत असावेत.

मराठीतील ‘मोडशी’ या शब्दाने मात्र जगाचा प्रवास केला आहे. गास्पार कोर्रेइआ या पोर्तुगीज इतिहासकाराने १५४३ मध्ये गोव्यात पसरलेल्या एका भयंकर साथीचे वर्णन केले आहे. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात या रोगाची लक्षणे बारकाईने नोंदविली. स्थानिक ‘मोडशी’चे पोर्तुगीजांनी ‘मोर्देशिं’ केले, आणि फ्रेंचांच्या तोंडी त्याचे ‘मॉर द शिआँ’ म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’ झाले. मूळ शब्दाशी या अर्थाचा काही संबंध नाही. मोडणे, गळून जाणे या अर्थाच्या धातूपासून मोडशी आली असे कोशकार मानतात. आज मराठीत मोडशी म्हणजे साधे अजीर्ण व जुलाब एवढाच सौम्य अर्थ उरला आहे. जीवघेणा अर्थ पटकी, महामारी व वाखा या शब्दांकडे गेला. ‘तुला पटकी येवो’ हा शाप त्या भीतीची साक्ष देतो.

आतड्यात काय घडते : प्रौढ माणसाच्या लघ्वांत्रात दररोज सुमारे आठ ते नऊ लिटर द्रव येतो. त्यांपैकी जेमतेम दोन लिटर खाण्यापिण्यातून आलेला असतो. उरलेला लाळ, जठररस, पित्त, अग्निपिंडाचा रस व आतड्याचा स्वतःचा स्राव यांचा असतो. यातील बहुतेक सर्व द्रव लघ्वांत्रातच परत शोषला जातो, राहिलेला बृहदांत्रात शोषला जातो, आणि मलावाटे रोज शंभर-दोनशे मिलिलिटरच पाणी बाहेर पडते. एवढी मोठी देवघेव सतत चालू असते म्हणूनच तिच्यातील लहानसा बिघाडही मोठा ठरतो.

जठरातील हायड्रोक्लोरिक अम्ल हे पटकीच्या जंतूंविरुद्धचे पहिले कुंपण होय. निरोगी जठरातून जिवंत पार पडण्यासाठी जंतूंची संख्या फार मोठी असावी लागते. अम्ल कमी असेल तर थोडे जंतूही पुरतात. दीर्घ उपासमारीत अम्लाचे प्रमाण घटते. दुष्काळ व पटकी यांची जोडी वारंवार का जुळते, याचे हे एक कारण आहे. जठर ओलांडून गेलेले जंतू लघ्वांत्राच्या श्लेष्मकलेला (बुळबुळीत अस्तराला) चिकटतात व तेथे एक विष तयार करतात. ते विष अस्तराच्या कोशिकांत (पेशींत) शिरून क्लोराइडाचा स्राव अखंड चालू ठेवते, आणि क्लोराइडामागोमाग सोडियम व पाणी आतड्याच्या पोकळीत ओतले जाते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब दिवसाला दहा-पंधरा लिटरपर्यंत जाऊ शकतात. डोळे खोल जातात, आवाज बसतो, बोटांची त्वचा सुरकुतते, पायांत पेटके येतात, लघवी थांबते आणि नाडी लागेनाशी होते. मृत्यू येतो तो रक्तातील पाणी व लवणे गेल्यामुळे. जंतू आतड्याच्या भिंतीत शिरत नाहीत व तिला जखमही करीत नाहीत. ही शेवटची गोष्ट कळायला १९६० साल उजाडावे लागले, आणि ती कळेपर्यंतच्या अज्ञानाची किंमत फार मोठी होती.

पहिली महासाथ : १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर येथे उद्‌भवलेली साथ त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीवर कोसळली. तो काळ इंग्रज-मराठे युद्धाचा व पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेचा होता. सैन्ये, त्यांच्या मागचे बाजारबुणगे, बैलांचे तांडे व जीव घेऊन पळणारी रयत मध्य हिंदुस्थानभर हिंडत होती. १८१८ च्या मे महिन्यात साथ नागपुरास पोहोचली. तेथून वऱ्हाड, जालना, तत्कालीन औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या वाटेने ती पुण्यास व ऑगस्टमध्ये पनवेलमार्गे मुंबईस गेली. मुंबई सरकारने डॉक्टरांकडून आलेले अहवाल एकत्र करून १८१९ मध्ये प्रसिद्ध केले. रोग रस्त्यांनी व माणसांबरोबर सरकत होता हे त्या काळच्या नोंदींवरून दिसते. तरीही दूषित हवा हेच कारण आहे, हा समज आणखी अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. वऱ्हाड त्या वेळी निजामाच्या अमलाखाली होते. गावोगावच्या मृत्यूंची मोजदाद ठेवणारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे या पहिल्या तडाख्यात येथे किती माणसे गेली हे सांगणे शक्य नाही.

नोंदींचा प्रश्न : नोंदींची ही उणीव समजण्यासाठी एक गाव डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगी आहे. अमरावतीच्या दक्षिणेस, यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर नांदगाव खंडेश्वर हे गाव आहे. आज ते तालुक्याचे ठिकाण असले, तरी पूर्वी ते चांदूर तालुक्यात मोडत असे. येथील टेकडीवरच्या खंडेश्वराच्या हेमाडपंती मंदिरात यादव राजा कृष्ण याच्या कारकीर्दीतील शक ११७७ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलांसाठी कोणी किती गद्याण दिले याची नोंद त्यात केलेली आहे. तेराव्या शतकात फुलांचा हिशेब दगडावर कोरून ठेवणाऱ्या या मुलखात माणसांच्या मरणाचा हिशेब मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि पुढे गावपातळीवर जन्ममृत्यूंची नोंद ठेवण्याची पद्धत पडली. विदर्भात ही वही ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखली जाते. आज तिची नक्कल बहुधा जातीच्या दाखल्यासाठी पुरावा म्हणून काढली जाते. रोगाच्या इतिहासासाठी ती चाळणारे थोडे.

या नोंदी वापरताना सावधगिरी बाळगावी लागते. मृत्यूची कारणे मोजक्या सदरांत बसविली जात : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात आणि इतर. नोंद करणारा वैद्य नसे. घरच्यांनी जे सांगितले ते तो लिहून घेई. साथीच्या दिवसांत साध्या हगवणीचा मृत्यूही पटकीखाली जाई, आणि साथ सुरू होण्यापूर्वीची पटकीची पहिली प्रकरणे ‘पोटाचे विकार’ या सदरात हरवत. म्हणून एकट्या पटकीच्या आकड्यांपेक्षा दोन्ही सदरे एकत्र पाहणे अधिक विश्वसनीय असते. ताप या सदराविषयी तर न बोललेलेच बरे. त्यात हिवतापापासून विषमज्वरापर्यंत सर्व काही आहे.

पाणी : वऱ्हाडच्या भूगोलाने पटकीला दोन प्रकारे वाट करून दिली. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेला खारपाण पट्टा आहे. तेथील भूजल खारट असल्याने पिण्याच्या पाण्यासाठी अनेक गावांना एखाद्या गोड्या विहिरीवर किंवा नदीनाल्याच्या पात्रातील झऱ्यांवर अवलंबून राहावे लागे. पाण्याची जागा एकच आणि घागरी शेकडो, अशी ही स्थिती होती. खारपाण पट्ट्याबाहेरच्या पठारी भागात, म्हणजे नांदगाव खंडेश्वर, चांदूर व यवतमाळ या बाजूला, पाणी गोडे आहे. पण काळ्या खडकावरच्या मातीचा थर पाणी फार काळ धरून ठेवीत नाही. बारमाही मोठी नदी जवळ नसलेल्या गावांत वैशाखात विहिरींचे तळ दिसू लागतात. तळाशी राहिलेले थोडे पाणी सर्व गाव उपसते आणि पहिल्या पावसाने काठावरची घाण थेट विहिरीत उतरते. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाण्यात उतरूनच घागर भरतो, त्यामुळे ती कठड्याच्या विहिरीपेक्षा अधिक धोक्याची असते.

गावातील सर्वांना एका विहिरीवर पाणी भरण्याची मुभाही नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींना नाल्यातील झिऱ्यावर किंवा वेगळ्या, बहुधा अधिक उथळ, विहिरीवर जावे लागे. साथीचा भार सर्वांवर सारखा पडत नसे, हे यावरून उघड आहे. परंतु जुन्या तक्त्यांत हा भेद नीट उमटलेला नाही.

मरीमाय : रोगाचे कारण दिसत नव्हते तेव्हा त्याला देवतेचे रूप मिळाले. महाराष्ट्रात अन्यत्र मरीआई म्हणतात त्या देवीला विदर्भात मरीमाय असे नाव आहे. तिचे ठाणे बहुधा गावाच्या शिवेजवळ असते. साथ आली की देवीचा गाडा करून, त्यावर नैवेद्य ठेवून तो वाजतगाजत शिवेबाहेर नेत. पुढच्या गावाला तो आपल्या शिवेवर नको असे, म्हणून ते तो आणखी पुढे ढकलीत. या प्रथेतून गावागावांत भांडणे होत. गाव बांधण्याची रीत यापेक्षा निराळी होती. ठरविलेल्या दिवशी गावातून कोणी बाहेर जायचे नाही व बाहेरच्याने आत यायचे नाही, असा तिचा दंडक असे. तिच्यामागील कल्पना मंत्रतंत्राची असली, तरी तेवढ्या काळापुरती माणसांची ये-जा थांबत होती हे मान्य केले पाहिजे. बोकड व कोंबड्यांच्या बळींचा मात्र रोगावर काहीही परिणाम होणे शक्य नव्हते, आणि त्यासाठी गरिबाला कर्ज काढावे लागे.

आगगाडी व दुष्काळ : मुंबईहून भुसावळ, अकोला, बडनेरा या मार्गाने येणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. कापसाच्या व्यापाराने वऱ्हाडात पैसा आला, जिनांवर मजूर आले, बाजार वाढले, आणि पूर्वी आठवडे घेणारा रोगाचा प्रवास दोन दिवसांवर आला. पंढरपूरसारख्या यात्रांना जाणारा वारकरी आता गाडीने परतू लागला. रोगाची लागण झालेला माणूस लक्षणे दिसण्यापूर्वीच घरी पोहोचू शके. यात्रास्थळी लस टोचण्याची पद्धत पुढे याच कारणाने आली.

सर्वांत मोठा आघात १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांत झाला. १९०० च्या उन्हाळ्यात मदतकामांवर हजारो माणसे एकत्र राहत होती. खडी फोडणारे, अर्धपोटी राहणारे, मिळेल ते पाणी पिणारे हे लोक पटकीच्या व हगवणीच्या तडाख्यात सापडले. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत २८,९७,४९१ होती. १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ भरली. त्याआधीच्या प्रत्येक गणनेत वाढत आलेल्या या सुपीक प्रांतात दहा वर्षांनी जवळजवळ दीड लाख माणसे कमी आढळावीत, यावरून संकटाची कल्पना येते. ही सारी घट पटकीची नव्हे. भूक, ताप व स्थलांतर यांचा वाटाही तीत आहे. तथापि उपाशी जठर व दूषित पाणी एकत्र आले की काय होते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण वऱ्हाडच्या इतिहासात नाही.

उपचारांतील चूक : पटकीच्या रुग्णाला तहान अनावर लागते. ही तहान शरीराची खरी मागणी असते. तरीही त्याला पाणी देऊ नये, दिले तर जुलाब वाढतील, असा समज घरोघर होता आणि तो अशिक्षितांपुरता मर्यादित नव्हता. आयुर्वेदात अजीर्णजन्य विकारांना लंघन सांगितले आहे. सुश्रुत संहितेत साध्य विसूचिकेत टाचांना डाग देणे प्रशस्त मानले आहे. पाश्चात्त्य डॉक्टर एकोणिसाव्या शतकात शिरा तोडून रक्त काढीत, पाऱ्याचे कॅलोमेल हे रेचक व अफूचा अर्क देत. आधीच पाणी गमावलेल्या देहातून आणखी रक्त काढणे म्हणजे मृत्यूला मदत करणे होते. या बाबतीत वैद्याला नावे ठेवून डॉक्टरला मोकळे सोडण्याचे कारण नाही. मेळघाटातील कोरकूंमध्ये बाळाचे पोट फुगल्यावर पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा अलीकडेपर्यंत आढळून आली आहे. पोटाच्या विकारावर डाग देण्याच्या कल्पनेचा आवाका तिच्यावरून लक्षात येतो.

खरा मार्ग फार लवकर दिसला होता. विल्यम ओशॉनेसी याने इंग्लंडमधील १८३१–३२ च्या साथीत रुग्णांचे रक्त तपासून त्यातील पाणी व लवणे कमी झाल्याचे दाखविले. ते वाचून स्कॉटलंडमधील लीथ येथील टॉमस लाटा याने १८३२ मध्ये रुग्णाच्या शिरेत मिठाचा विद्राव सोडला व मरणोन्मुख माणसे काही काळ तरी उठून बसलेली पाहिली. पण विद्राव निर्जंतुक नसे व पुरेसा दिला जात नसे, म्हणून ही पद्धत मागे पडली. ओशॉनेसी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, आणि हिंदुस्थानात त्याचे नाव झाले ते तारायंत्राच्या तारा घातल्याबद्दल. शिरेतून लवण विद्राव देण्याची पद्धत कलकत्त्यातच लेनर्ड रॉजर्स याने विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा सुरू केली, तेव्हा तेथील रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. वऱ्हाडच्या खेड्याला तिचा लाभ नव्हता. बैलगाडीने तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत रुग्णाची शीर सापडेनाशी होई.

जंतू, विहीर व लस : लंडनमधील जॉन स्नो याने १८५४ मध्ये रोग पाण्यातून पसरतो हे दाखविले. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचीनी याने रुग्णांच्या आतड्यांत हा जंतू पाहिला, पण त्याकडे दुर्लक्ष झाले. रॉबर्ट कॉख याने १८८३–८४ मध्ये ईजिप्त व कलकत्ता येथे जंतू वेगळा करून तलावाच्या पाण्यातही तो असल्याचे सिद्ध केले. व्हाल्डेमार हाफकिन याने आपली पटकीची लस १८९२ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ पासून हिंदुस्थानात तिचे प्रयोग केले. मुंबईतील ज्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचे नाव देण्यात आले, ती त्याच्या नंतरच्या प्लेगवरील कामातून उभी राहिली. टोचायच्या लशीचे संरक्षण अपुरे व अल्पकाळ टिकणारे होते. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तिची सक्ती काढून टाकण्यात आली. पुढे तोंडाने घ्यावयाच्या लशींनी तिची जागा घेतली.

विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. पाणी लाल झालेले पाहून लोक बिचकत. नंतर विरंजक चूर्ण आले; ग्रामपंचायतीच्या बोलीत त्याला ‘टीसीएल’ म्हणतात. ते ओलाव्याने लवकर निकामी होते, आणि पोते उघडे राहिले की विहिरीत टाकलेली पांढरी भुकटी चुन्याहून फार वेगळी उरत नाही.

या काळात वऱ्हाडातील लोकांच्या सवयी बदलण्याचे काम सरकारी खात्याइतकेच कीर्तनकारांनी केले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले गाडगे महाराज गावात शिरताच खराटा हाती घेत, दिवसभर रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून पशुहत्या, कर्ज व अस्पृश्यता यांवर प्रहार करीत. मरीमायच्या नावाने होणाऱ्या खर्चावर व बळींवर आघात करण्यास यापेक्षा योग्य व्यासपीठ नव्हते. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. याच जिल्ह्यातील तुकडोजी महाराजांनी आपल्या ग्रामगीतेत गावाची शुद्धी व आरोग्य यांना स्वतंत्र स्थान दिले आहे. महाराष्ट्र शासनाने २००० नंतर सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला गाडगेबाबांचे नाव आहे.

आतड्याचे खरे कार्य उलगडले : पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते, असे एकोणिसाव्या शतकातील शवविच्छेदनांवरून मानले जाई. अस्तरच नाही तर शोषण कसे होणार, म्हणून तोंडाने काही देणे व्यर्थ आणि आतड्याला विश्रांती देणे योग्य, अशी त्यावरून उपपत्ती निघाली. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी १९५३ मध्ये सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वेटोळ्यात जंतू सोडून तेथे द्रव साठतो हे दाखविले, आणि १९५९ मध्ये जंतूविरहित गाळलेल्या द्रवानेही तोच परिणाम होतो, म्हणजेच हे काम विषाचे आहे, हे सिद्ध केले. १९६० मध्ये युजीन गँगारोसा व त्यांचे सहकारी यांनी थायलंडमधील जिवंत रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासले; अस्तर शाबूत होते. शवांत दिसलेले सोलणे मृत्यूनंतरचे होते. त्याच वर्षी रॉबर्ट क्रेन याने ग्लुकोज सोडियमाला बरोबर घेऊनच आतड्याच्या कोशिकेत शिरते ही कल्पना मांडली.

हे तीन शोध जुळविले की उपचार समोर येतो. विषाने स्राव वाढविला, तरी ग्लुकोजाबरोबर सोडियम व त्यामागून पाणी आत ओढून घेण्याचे दार उघडेच असते. १९६८ मध्ये डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश यांनी ढाक्यात ग्लुकोज व लवणे यांचा विद्राव तोंडाने देऊन हे रुग्णांवर सिद्ध केले. त्याची खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेशच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून द्यावयाचा विद्राव संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅ. ग्लुकोज, ३·५ ग्रॅ. मीठ व २·५ ग्रॅ. खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या करविल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच तो विद्राव पाजण्यास लावले. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांखाली आले. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये विद्रावातील ग्लुकोज व मीठ यांचे प्रमाण कमी केले.

मराठीत या विद्रावाला जलसंजीवनी हे समर्पक नाव मिळाले. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्यामार्फत त्याच्या पुड्या व बालकांसाठी जस्ताच्या गोळ्या आता गावात पोहोचतात. अडचण पुडी मिळण्यापेक्षा ती वेळेवर व पुरेशी पाजण्यात अधिक आहे. जुलाब लगेच थांबले नाहीत की ‘औषध लागू पडत नाही’ असे समजून पाजणे थांबविले जाते. जलसंजीवनी जुलाब थांबवीत नाही. गेलेले पाणी व लवणे भरून काढते. हा फरक समजावून सांगितल्याशिवाय केवळ वाटप उपयोगाचे नाही. बेशुद्ध किंवा नाडी न लागणाऱ्या रुग्णाला शिरेतूनच विद्राव द्यावा लागतो.

अलीकडील स्थिती : पटकीचा जुना प्रकार मागे पडून १९६१ मध्ये इंडोनेशियातून निघालेला एल टॉर हा प्रकार १९६४ मध्ये भारतात आला. त्यात सौम्य रुग्णांचे प्रमाण अधिक असल्याने तो ओळखू येण्यास उशीर होतो व अधिक काळ गावात रेंगाळतो. नळयोजना, विंधण विहिरी व दवाखाने यांमुळे वऱ्हाडात पूर्वीसारख्या साथी उरल्या नाहीत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणीसाठ्यांचे पावसाळ्यापूर्वी व नंतर सर्वेक्षण होऊन जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते.

तरीही जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात पटकीची साथ आली. चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी, कोयलारी व घाणा या मेळघाटातील गावांत आणि अमरावती तालुक्यातील नया अकोला येथे मिळून पावणेदोनशेहून अधिक रुग्ण आढळले व पाच मृत्यू नोंदविले गेले. मेळघाटातील गावांत उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिण्यात आले होते. नया अकोला हे सपाटीवरील गाव आहे. त्यामुळे हा दुर्गम आदिवासी भागाचाच प्रश्न आहे असे म्हणून बाजूला सारता येत नाही.

वृत्तपत्रांत व बोलण्यात आज अशा आजारांना ‘गॅस्ट्रो’ म्हणण्याची रूढी आहे. हा शब्द जठराच्या नावावरून आलेला असून त्यातून रोगाचे कारण काहीच कळत नाही. जुन्या वहीतील ‘पोटाचे विकार’ या सदराचेच काम तो करतो. पटकीचे निदान मलाच्या नमुन्याची प्रयोगशाळेत परीक्षा करूनच निश्चित होते. नमुना प्रतिजैविक औषध सुरू करण्यापूर्वी घ्यावा लागतो व योग्य माध्यमात ठेवून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावा लागतो. तो घेतला गेला नाही, तर रुग्ण बरा झाला तरी गावच्या पाण्यात काय होते हे वहीत येत नाही.